तरंग्याचे तीन ठोके

४ फेब्रुवारी

आधी सगळ्यांची विचारपूस, मग माझं रडगाणं. हा वहीचा नेम आहे, तो मोडायचा नाही.

पहिल्या टाकीतल्या आजीबाई, कशा आहात? म्हातारं कासव, घशातला हुक निघून आज अकरा दिवस झाले. खाताहेत, पण उपकार केल्यासारखं. दुसऱ्या टाकीतली जुळी बरी आहेत. खरी जुळी नव्हेत, एकाच दिवशी एकाच दोरखंडात गुंतून किनाऱ्याला लागली म्हणून जुळी. धाकटा श्वास घेताना शिट्टी वाजवतो, त्याला सकाळ-संध्याकाळ वाफ चालू आहे. खोक्यातला पक्षी, तेलात बुडालेला, आज माझ्या अंगठ्याला कडकडून चावला. म्हणजे सुधारतोय. माझ्या गुडघ्यांना कोणी विचारत नाही, म्हणून तेही काही सांगत नाहीत.

आणि तिसऱ्या टाकीत आमचा तरंग्या. बोटीच्या पंख्यानं त्याच्या पाठीला चीर पाडली आणि आत हवा धरली. त्यामुळे मागचा भाग बुचासारखा वर. कासवाला बुडी मारता आली नाही की ते उपाशी मरतं, इतकं सोपं आहे. आमच्या उपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी चीर पांढऱ्या लुकणानं बुजवली, सुया दिल्या, चार महिने वाट पाहिली. तरंग्या तरंगतच राहिला.

मी चाळीस वर्षं जाळी विणली. जाळं बुडावं म्हणून त्याला शिशाचे मणी लावतात, हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवायला नको. जाळ्याच्याच तुकड्याची पिशवी शिवली, आत मणी भरले आणि त्याच्या पाठीला मागच्या बाजूला चिकटवली. तो सपाट झाला, पण खाली जायची अक्कल विसरला होता. मग मी टाकीच्या भिंतीला अगदी तळाशी पळीच्या दांड्यानं ठोकायला लागले आणि तिथेच माशाचा तुकडा सोडायला लागले. ठोकलं की खाऊ. आठवड्यात त्यानं मान खाली घातली, महिन्यात तळ गाठला. आता पिशवीत दोनच मणी उरलेत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, हे कुठे वाचलंत?"

म्हटलं, "चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून न वाचताच येतं."

११ फेब्रुवारी

आज डोकं तापलंय, अक्षर वाकडं येईल.

शेवटचा मणीही निघाला. तरंग्या आपल्या जोरावर खाली जातो, वर येतो. मी म्हटलं, चला, आता सोडू या. तर डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून तीन आठवडे.

"कशासाठी?"

"ही ठोकायची सवय मोडायला हवी. आवाज झाला की तो येतो. मावशी, तो आता समुद्रातला प्राणी राहिलेला नाही."

"चार महिने तुमच्या सुयांनी जे झालं नाही, ते माझ्या पळीनं झालं."

"झालं ना? मान्य. आता पळी ठेवा. पडद्याआडून खायला टाका, कधी सकाळी, कधी दुपारी, बिनआवाजाचं. आपण दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही."

"म्हणजे चोरासारखं?"

"हो, चोरासारखं."

"आणि समुद्रात त्याला हाक मारायला कोण बसलंय पळी घेऊन?"

बाहेर भाऊजींच्या बोटीचा ठकठकाट चालला होता. म्हणजे माझे धाकटे दीर. खाडीच्या तोंडाशी जाळं लावतात आणि बोटीच्या काठावर दांडक्यानं ठोकतात, म्हणजे मासा बिचकून जाळ्याकडे पळतो. दोन लांब, एक तोकडा. आमच्या घरात हाच ताल. हे होते तेव्हा हेही असंच ठोकायचे, आणि माझ्याही हातात तोच बसलाय. भांडण नीट ऐकू यावं म्हणून मी उठून खिडकी लावून घेतली.

वीस वर्षं जनावरांना हात लावतेय मी. आणि ही काल आलेली मुलगी मला माया कशी करायची ते शिकवणार.

२० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई गेल्या. दुसऱ्या केंद्रात बदली, किनाऱ्याच्या पार त्या टोकाला. जाताना गळ्यात पडल्या. मी लाकडासारखी उभी राहिले. राग आला की माझी पाठ वाकत नाही, मग पश्चात्ताप गुडघ्यांना होतो.

तिसऱ्या टाकीच्या पाटीवर खडूनं लिहून गेल्यात: "ठोकू नये. तीन आठवडे. आवाजाला येणं थांबलं तरच सोडावा."

नवीन डॉक्टर महिनाभरानं येणार म्हणतात. तोवर केंद्र माझ्यावर. तोवर, ही पाटी.

२३ फेब्रुवारी

तरंग्या पडद्याकडे येऊन नाक लावून बसतो. तीन दिवस मी एक शब्द बोलले नाही त्याच्याशी. टाकीत पोटच्या पोरासारखा वाढवला, आणि आता मी पडद्यामागे. त्यानं काय समजायचं? मावशी मेली?

पाटी ओल्या फडक्यानं पुसली. पाटी असते कशाला, पुसायलाच ना.

२६ फेब्रुवारी

सोडला!

भाऊजींच्या बोटीतून गेलो. ओल्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर डोकं. भाऊजी सुकाणूवरून म्हणाले, "वहिनी, सासरी पाठवताय की काय? पाठराखीण म्हणून तुम्हीही उतरणार?" मी म्हटलं, "तुम्ही बोट नीट धरा." त्यांनी मोटार बंद केली. तसे चांगले आहेत ते, फक्त तोंडाला दरवाजा नाही.

पाण्यात सोडला तेव्हा क्षणभर थांबला, मग गेला. पांढरं लुकण खालपर्यंत दिसत होतं, मग तेही नाही. मला राहवलं नाही. निरोप म्हणून बोटीच्या काठावर ठोकलं. दोन लांब, एक तोकडा.

आणि तो परत आला. बोटीला नाक लावून वर बघितलं. वळून आला हो, मला भेटायला. मला रडू फुटलं. भाऊजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हे बरं नव्हे, वहिनी."

त्यांना काय कळतंय? ज्याच्या जाळ्यात आयुष्यभर जीव मेला, त्याला जीव लावणं काय कळणार?

१७ मार्च

दुपारी भाऊजी तरंग्याला घेऊन आले.

त्यांच्या जाळ्यात. त्यांच्याच. पुढचा डावा पाय नायलॉनच्या धाग्यानं हाडापर्यंत कापलेला, मान लोंबती, तोंडातून फेस. बराच वेळ पाण्याखाली अडकला असणार. कासवालाही श्वास लागतो, हे यांना ठाऊक नाही का? मी त्याला डोकं खाली करून उतारावर ठेवला, छाती दाबली, पाणी काढलं. पाऊण तासानं एक श्वास आला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

भाऊजी दारात ओलेचिंब उभे. "वहिनी, मी पाठीवरचं पांढरं ओळखलं. जाळं कापलं, तसाच बोटीत घेतला, मासे टाकून दिले आणि आलो."

"तुम्ही मारलात त्याला."

"ऐका तरी. बाकीची कासवं ठोकलं की लांब पळतात. तीस वर्षांत माझ्या जाळ्यात कासव आलं नाही ते त्याचमुळे. हा सरळ आला. मी ठोकतोय आणि हा बोटीकडे येतोय. मी थांबेपर्यंत..."

"थापा मारू नका. सोडायला तुम्ही होतात, जागा तुम्हाला ठाऊक होती. तिथेच जाळं लावलंत."

"तिथे माझे वडील लावायचे, वहिनी."

मी दार लावून घेतलं. अजून राग मावत नाहीये अंगात.

१८ मार्च

मासेमारीच्या कार्यालयात जाऊन तक्रार दिली. नियम स्पष्ट आहे: जाळ्यात कासव आलं तर जागच्या जागी सोडायचं, बोटीवर घेणं गुन्हा. भाऊजींच्या बोटीवर कासव होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. बोटीचा नंबर मला पाठ, हे गेले तेव्हा तोच नंबर रंगवत होते.

कारकुनानं दोनदा विचारलं, "आडनाव एकच दिसतंय. नक्की?"

म्हटलं, "समुद्राला आडनाव नसतं."

घरी येईपर्यंत हे वाक्य मला फार आवडलं होतं.

२१ मार्च

बोटीला साखळी लागली. चौकशी होईपर्यंत.

जाऊबाई नळावर भेटली. बादली माझ्या बादलीला आपटून ठेवली. "ताई, कासवाला वकील मिळाला, बरं झालं. आमच्या यांना कोण मिळणार?"

"कायद्यापुढे सगळे सारखे."

"मग तुमच्या दाराशी ते जनावर आणायला कोणत्या कायद्यानं सांगितलं होतं? सोडलं असतं पाण्यात तर कोणाला पत्ता लागला असता?"

मी पाणी अर्धवट भरून निघून आले. ती लग्न होऊन आली तेव्हापासूनच जिभेची तिखट आहे, एवढंच लिहून ठेवते.

तरंग्या जगेल असं दिसतंय. पायाला टाके सोळा, गुरांच्या डॉक्टरांना बोलावून घातले; आमच्या नवीन डॉक्टरांचा अजून पत्ता नाही. खात मात्र नाही. तळाशी दगडासारखा पडून असतो. मी पळी घेऊन गेले, पण ठोकवेना. का ते कळलं नाही. हात उचललाच गेला नाही.

२४ मार्च

हे लिहायचं नव्हतं. पण वहीशी खोटं बोलले तर बोलायला दुसरं कोणी नाही.

सकाळी धक्क्यावर सुतार आला होता. उलट्या ठेवलेल्या होडीच्या बुडाला लाकडी हातोडीनं ठोकत होता, खिळे बसवायला. ठक, ठक. ठक. मी धाकट्याला वाफ देत होते. मागे पाणी हललं म्हणून वळले.

सात दिवस न हललेला तरंग्या उठला होता. जखमी पाय ओढत, एका पायानं वल्हवत, टाकीच्या त्या भिंतीकडे निघाला जिकडून आवाज येत होता. भिंतीला नाक लावलं. तोंड उघडलं. आणि तसाच वाट बघत राहिला.

सुतार थांबला तेव्हा तो तळाशी गेला. सुतारानं पुन्हा हातोडी घेतली तेव्हा पुन्हा वर. चार वेळा मी मोजलं. पाचव्यांदा मी मोजत नव्हते, मी खाली बसले होते.

समुद्रात पळी घेऊन कोण बसलंय, असं विचारलं होतं मी. सगळा किनाराच बसलाय. माझं सगळं घर बसलंय.

भाऊजी थापा मारत नव्हते. "बाकीची पळतात, हा आला." तो मला भेटायला नव्हता आला त्या दिवशी. जेवायला आला होता. मी त्याला शिकवलं होतं की हा आवाज म्हणजे माया, आणि जाळ्याचाही आवाज तोच.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोरानंच उठून संन्याशाची तक्रार नोंदवली, पाटी पुसलेल्या हातानं.

२५ मार्च

सगळ्यांची विचारपूस केली नाही. तोंड नव्हतं.

२६ मार्च

कार्यालयात गेले. कारकुनाला म्हटलं, लिहून घ्या: बोटीवर कासव होतं ते उपचाराला आणलं होतं. आणि ते जाळ्यात आलं माझ्या चुकीमुळे, मी त्याला ठोकल्यावर यायची सवय लावली होती.

तो लेखणी थांबवून बघत राहिला. "बाई, कासवाच्या सवयीचा रकाना नाही यात."

"मग समासात लिहा."

समासात लिहिलं. साखळी सुटायला दोन दिवस लागतील म्हणे. लावायला एक तास लागला होता.

तिथून भाऊजींकडे. जाऊबाईनं दारातूनच विचारलं, "आता काय, घराला साखळी?" मी ओटीवर बसले. पाणी विचारलं नाही तिनं, बरोबरच होतं. भाऊजी जाळं सोडवत होते, तरंग्यासाठी कापलेलं तेच. भोक माणूस जाईल एवढं.

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही खरं बोलत होतात."

त्यांनी पुढची गाठ हातात घेतली.

"डॉक्टरीणबाई लिहून गेल्या होत्या, सोडू नका. मी पाटी पुसली."

जाऊबाई म्हणाली, "ऐकलंत? आता पाटीचं निघालं. उद्या काय निघेल?"

"तू गप बस," भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "वहिनी, त्या दिवशी बोटीत तुम्ही ठोकलंत ना, तेव्हा मला दादाचा हात आठवला. तसंच ठोकायचा. म्हणून मी जास्त बोललो नाही. बोलायला हवं होतं."

म्हणजे यांच्याही पोटात होतं. सगळं घरच असं. बोलायचं तेव्हा विनोद आणि सांगायचं तेव्हा मौन.

मी जाळ्याचं टोक ओढून मांडीवर घेतलं आणि सुई मागितली. जाऊबाई अंधार पडेपर्यंत रागावली, पण सुई दिली. भोक शिवून झालं तेव्हा पाण्याचा तांब्याही समोर होता. कोणी ठेवला ते विचारलं नाही.

उठताना म्हटलं, "एक काम आहे. तुमचं दांडकं घेऊन केंद्रात या. आणि बोटीची एखादी जुनी फळी."

३ एप्रिल

जे शिकवलं ते आता उलटं शिकवायचं. डॉक्टरीणबाईंनी ठेवलेलं जाड पुस्तक घेऊन बसते, शब्दकोश मांडीवर. आठ ओळींना एक सकाळ. त्यात आहे की नुसतं ठोकणं बंद करून भागत नाही. आवाज आणि खाऊ यांची गाठ सोडवायची, आणि आवाजाची गाठ भीतीशी बांधायची.

म्हणून असं चाललंय: तरंग्याला खायला पडद्याआडून, वेळ बदलून, चिडीचूप. जिवंत खेकडे सोडते, त्यानं शोधून खायचे. आणि वेगळ्या वेळी भाऊजी फळी टाकीत अर्धी बुडवतात आणि दांडक्यानं ठोकतात. दोन लांब, एक तोकडा. तो येतो. आला की मी त्याच्या नाकासमोर पाण्यावर वल्हं आपटते आणि जाळ्याचा तुकडा फेकते.

लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी तो बिचकला, मागे सरला आणि परत आला. वाटलं असेल त्याला, मावशी चुकली. माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मी पुन्हा वल्हं आपटलं. मी, जिनं त्याला मांडीवर नेलं.

भाऊजी म्हणाले, "मी आपटतो, तुम्ही बाहेर जा."

"नाही. ज्या हातानं दिलं त्याच हातानं काढून घ्यायचं. नाहीतर तो जगातल्या सगळ्यांना भिईल आणि एका मला येऊन चिकटेल. आणि मी काय, मेल्यावरही ठोकत बसणार आहे?"

राग अजून आहेच. पण पूर्वी राग कोणावर काढायचा ते ठरलेलं असायचं. आता तो घरचाच पाहुणा झालाय, जेवूनखाऊन बसलाय.

१२ एप्रिल

आठ दिवस तो येतच राहिला. नवव्या दिवशी अर्ध्यात थांबला. आज ठोकल्यावर मान वर केली आणि जागचा हलला नाही. भाऊजी म्हणाले, "विचार करतोय." म्हटलं, "करू दे. मी केला नव्हता."

जाऊबाई डब्यात खेकडे घेऊन आली होती. "माझ्या नवऱ्याला रोज कासवापुढे ढोल वाजवायला लावलाय म्हणून बघायला आले," म्हणाली. पडद्याला भोक होतं, ते तिनं न सांगता शिवून टाकलं.

१९ एप्रिल

आज ठोकलं आणि तो पळाला.

दुसऱ्या ठोक्यालाच. पाय अजून लंगडा आहे, पण असा झटक्यात वळला की पाणी भाऊजींच्या तोंडावर. टाकीच्या लांबच्या कोपऱ्यात, तळाशी जाऊन बसला, पाठ आमच्याकडे. मी दूर, पडद्याच्या कडेला उभी होते. मला बघूनही हलला नाही. मग मी एक पाऊल पुढे टाकलं, तर तो अजून कोपऱ्यात दबला.

भाऊजींनी दांडकं खाली ठेवलं. "झालं, वहिनी."

झालं खरं. बाहेर जाऊन पायरीवर बसले. सुतार विचारायला लागला, काय झालं, कोण गेलं? म्हटलं, कोणी गेलं नाही, जायला तयार झालंय.

डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिलं. फोनवर माझं बोलणं म्हणजे भांडण होतं, म्हणून पत्र. इथे उतरवून ठेवते, पुढे कधी शहाणपणाचा ताठा चढला तर वाचायला.

"डॉक्टरीणबाई यांस,

तुम्ही निघालात तेव्हा मी लाकडासारखी उभी राहिले, त्याची आधी माफी मागते. आजीबाईंना गेल्या आठवड्यात सोडलं, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, शाबास त्यांची. जुळी बरी आहेत, धाकट्याची शिट्टी थांबली. पक्षी उडाला, जाताना पुन्हा चावला.

तरंग्याचं तुम्हाला ठाऊक नाही. तुमची पाटी मी पुसली. तिसऱ्याच दिवशी. मग सोडला, तो भाऊजींच्या दांडक्याला भुलून जाळ्यात आला, डावा पाय जवळजवळ गेला. तुम्ही बरोबर होतात, ही ओळ लिहायला मला दोन महिने लागले, आणि त्यातला एक महिना मी दुसऱ्यांवर ओरडण्यात घालवला. रागवायचं तर मनसोक्त रागवा, पण पत्रात रागवा, म्हणजे मला दोनदा वाचता येईल.

आता तो ठोकल्यावर पळतो. मलाही भितो. माझ्या हिशेबानं सोडायला हरकत नाही, पण माझा हिशेब एकदा चुकलाय, म्हणून या वेळी विचारल्याशिवाय करणार नाही. आवाजाला येणं थांबल्यावर अजून किती दिवस बघायचं? पाय लंगडा असताना चालेल का? पुस्तकात हे पान सापडलं नाही, की मला वाचता आलं नाही.

पाटीवर तुमचंच वाक्य पुन्हा लिहिलंय, माझ्या अक्षरात. वर काच बसवून घेतलीय, म्हणजे फडक्याचा उपयोग नाही.

उत्तर लवकर लिहा. तो कोपऱ्यात पाठ फिरवून बसलाय, आणि मी पडद्याच्या या बाजूला, हात मांडीखाली दाबून.

तुमची,
मावशी"